मनकर्णाबाईची उपटलेली वाडी

मनकर्णाबाईच्या हाताला चव नव्हती, गुण होता. चुलीवर भात करपला तरी तिला कळायचं नाही, कारण शेजारच्या चुलीवर काढा उकळत असायचा आणि तिचं सगळं ध्यान तिकडे. नवरा इसरू तो करपलेला भात मुकाट खायचा. फारच झालं तर म्हणायचा, "एखांद्या दिशी मलेबी काढाच वाढजो. त्याच्यात तरी तुह्यं मन असते."

मोहाळटोला हे सावली या मोठ्या गावापासून चार कोसांवरचं, वैनगंगेच्या अलीकडचं चाळीस-पन्नास घरांचं गाव. सगळीकडे धानाच्या बांध्या, मध्ये एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या पाळीवर मोहाची झाडं. मनकर्णाबाईची वाडी घराच्या मागून थेट त्या पाळीपर्यंत जायची. दुसऱ्या बायका वाडीत वांगी नि वाल लावत. हिनं न्हाणीचं पाणी मुरतं तिथं वेखंड लावला होता. कडुलिंबावर गुळवेल चढवली होती, बांबूच्या काटक्यांवर शतावरी. अडुळसा, निर्गुडी, भुईनिंब, आणि बांधावर एक बेल नि एक कुडा. अगदी मागच्या कुंपणावर खाजकुहिली होती. तिच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो, पण आतलं बी शुद्ध करून दुधातून दिलं की खंगलेल्या माणसाला उभारी येते. म्हणून तिनं ती ठेवली होती.

ही विद्या अर्धी तिच्या आईची आणि अर्धी मंगलीची. मंगली ही नदीपलीकडच्या जंगलातली गोंड बाई. चारोळ्या विकायला यायची आणि मनकर्णाबाईच्या ओसरीवर मुक्काम करायची. तिनं हिला रानात नेऊन झाडं दाखवली, कुठली साल कुठल्या महिन्यात काढायची ते शिकवलं. एकच गोष्ट बजावून सांगितली. झाडाच्या जोरावर कोणाला दुखवायचं नाही आणि दुखणाईताशी खोटं बोलायचं नाही. मनकर्णाबाईनं ते तीस वर्षं पाळलं. बरं होणार असेल तर "होईन" म्हणायची, नसेल तर "माह्या हातचं नाई, सावलीले न्या" म्हणायची.

पंचावन्न साली गावात भैयाजी आला. पाटील गुणवंतरावांचा भाचा. मोठ्या शहरात कोण्या डॉक्टरकडे दोन वर्षं बाटल्या भरल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर त्यानं मामाच्या बैठकीत दवाखाना थाटला. पांढरा कोट, पांढरं धोतर, कपाटात रांगेनं बाटल्या. लोकांना नवल वाटलं. मनकर्णाबाईलाही वाटलं. ती एकदा बाटल्या पाहायला गेली, तर तो म्हणाला, "म्हातारे, हात नको लावू. पालापाचोळा नाही हा." ती तेव्हा पन्नाशीचीसुद्धा नव्हती. तिनं ते मनावर घेतलं नाही, परत आली.

त्या भाद्रपदात गावातल्या कमळेच्या पोरीला हगवण लागली. कमळेची आधीची तीन लेकरं गेली होती, म्हणून चौथीला दृष्ट लागू नये, मरणानं तिच्याकडं पाहू नये, म्हणून उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, टाकल्यासारखं करून उचलून घेतलं होतं आणि नावही उकंडी ठेवलं होतं. पाच वर्षांची, काटक, बडबडी. मनकर्णाबाईनं तिला बेलाचा गर आणि कुड्याच्या सालीचं पाणी दिलं. "तीन दिवस लागतीन," म्हणाली. "भाताची पेज पाजत राहाजो. घाबरू नोको."

दुसऱ्या दिवशी पोरीचं जाणं निम्म्यावर आलं होतं. पण तीन लेकरं गमावलेल्या बापाला धीर कुठला? तो तिला उचलून दुपारी भैयाजीकडे घेऊन गेला. भैयाजीनं एका बाटलीतलं काळं औषध पाण्यात घालून पाजलं. हगवण थांबली. पोर झोपली. बापानं आनंदानं बायकोला सांगितलं, "पाय, एका घोटात काम झालं."

दिवस कलायला लागला तरी पोर उठेना, तेव्हा कमळा धावत मनकर्णाबाईकडे आली. मनकर्णाबाईनं जाऊन पाहिलं. पोरीचा श्वास येत होता आणि मग विसरल्यासारखा थांबत होता. पापणी वर केली, तर डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी झालेली. तोंडाचा वास घेतला. तो वास तिला ओळखीचा होता. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना झोपवून ठेवायला अफूची गोळी चाटवत, तोच.

"अफू हाय हे," ती ओरडली. "झोपू नोका देऊ तिले! हालवा, उभी करा, चालवा!"

तिनं पोरीला खांद्याला धरून चालवलं, पाय चोळले, तोंडावर पाणी मारलं. कमळा नावानं हाका मारत होती. दिवेलागणीच्या आत सगळं संपलं.

अंगणात माणसं जमली होती. भैयाजी आला. त्याचा चेहरा उतरलेला होता, हे मनकर्णाबाईनं पाहिलं. तो पोरीकडं न पाहता म्हणाला, "आधी हिला काय दिलं होतं? कुड्याची साल? ते विष आहे. माझं औषध पोचायच्या आधीच विष आत गेलं होतं. मी तरी काय करणार?"

"डोळे पाहा पोरीचे," मनकर्णाबाई म्हणाली. "भैयाजी, तुमी शिकलेले हा. डोळे पाहून सांगा."

तो पाहायला वाकला नाही. पाटील म्हणाले, "बाई, गप राहा. लेकरू गेलं त्याच्या घरचं, आन तू वाद घालतं?"

तीन दिवसांनी पाटलांच्या बैठकीत ठरलं की गावात आता ही जडीबुटी नको. वाडी उपटायची. दहा-बारा माणसं फावडी, विळे घेऊन आली. इसरू दारात आडवा झाला, त्याला दोघांनी धरून बाजूला बसवलं. मनकर्णाबाई पायरीवर बसून राहिली. पुढं पंचवीस वर्षांनी मी त्या गावच्या शाळेवर होते तेव्हा ही सारी हकीकत तिनं मला सांगितली, आणि तेव्हाही तिला एकेक हात आठवत होता. ज्याचा दमा अडुळशानं हटला होता त्यानंच अडुळसा कापला. ज्याच्या बायकोला बाळंतपणानंतर शतावरीनं दूध आलं त्यानं शतावरीचे कंद खणून काढले. वेखंड उपटताना त्याचा वास सगळ्या गल्लीत पसरला. सगळा ढीग करून पेटवला. ओला पाला जळेना, नुसता धूर होत राहिला.

मागच्या कुंपणाजवळ गेल्यावर ती माणसं थांबली. एकजण म्हणाला, "हे कुहिली हाय. हे राहू द्या गा. कोन खाजवत बसन?"

म्हणून कुहिली तेवढी राहिली.

त्यानंतर तिच्याकडे कोणी आलं नाही. वाटेत बाया पदर सावरून कडेला होत. कमळा तर बोडीवर समोरून आली की घडा रिकामा घेऊनच मागं फिरायची. मनकर्णाबाईला सगळ्यात जास्त तेच लागलं. इसरू म्हणायचा, "जाऊ दे. देव पाहून घेईन." ती म्हणायची, "देवाले वेळ नाई. मले हाय."

आता तिचा भात करपत नव्हता. चुलीजवळ बसून ती एकच विचार करत होती, आणि तो विचार काढ्यासारखा आटत चालला होता. नुसतं त्याचं वाईट व्हावं एवढ्यानं तिचं भागणार नव्हतं. सगळ्या गावासमोर त्यानं त्याच्या तोंडानं सांगायला हवं होतं. रोज सकाळी ती मागच्या कुंपणाशी जाऊन शेंगा पाहायची. हिरव्या होत्या त्या तपकिरी झाल्या, लव सोनेरी झाली.

मार्गशीर्षात गावची मंडई होती. मंडईला आजूबाजूच्या गावांची पाहुणेमंडळी येतात, दुकानं लागतात, दंडारीचे गडी नाचतात. त्या वर्षी पाटलांनी मंडपात भैयाजीचा सत्कार ठेवला होता. त्यासाठी त्याचा कोट नि धोतर दसरू वरठ्याकडे धुवायला गेलं. दसरूनं धुऊन बोडीच्या पाळीवर वाळत घातलं आणि दुपारी जेवायला घरी गेला.

मनकर्णाबाईनं हाताला कोपरापर्यंत टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल चोपडलं होतं. चिमट्यानं शेंगा धरून सुरीनं लव खरवडून तिनं एका वाळक्या भोपळ्यात जमवली होती. इसरूनं ते पाहिलं.

"मंगलीनं काय सांगतलं होतं तुले?"

"ध्यानात हाय."

"मंग?"

"मंगलीची वाडी कोनं उपटली नोयती."

इसरूनं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "कोनाले कळू नोको देजो."

"कळलं नाई तं मंग काय कामाचं?" ती म्हणाली आणि भोपळा पदराखाली घेऊन पाळीवर गेली. कोटाच्या गळपट्टीत, बाह्यांच्या आत, धोतराच्या निऱ्यांत तिनं ती लव झटकली. वारा पडलेला होता. कोणी पाहिलं नाही.

मंडईच्या दिवशी चार वाजता भैयाजी मंडपात खुर्चीवर बसला. हार घातला गेला. पाटील बोलायला उठले, आणि भैयाजीनं मान खाजवली. मग बगल. मग दोन्ही हात कोटाच्या आत गेले. पाहुणे पाहू लागले. तो हार तोडून उभा राहिला, कोट काढून फेकला, मांड्या ओरबाडायला लागला. दंडारीच्या गड्यांना वाटलं, हे नवं सोंगच आहे, त्यांनी ढोलकी वाजवली. सारा मंडप हसला. तो तसाच बोडीकडे धावला आणि पाण्यात उतरला. पाण्यानं उलट ती लव सगळ्या अंगभर पसरली. मनकर्णाबाई दुकानांच्या रांगेशी उभी होती. तिनं सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

अशा खाजेला शेण नि राख फासतात, हे तिथल्या म्हाताऱ्या गड्यांना ठाऊक होतं. एकानं तसं सुचवलंही. भैयाजी त्याच्या अंगावर ओरडला, "मला शेण फासता?" त्यानं स्वतःची सगळी मलमं लावली. पाटलिणीनं त्याच कपड्यांसोबत त्याचं अंथरूण गुंडाळून ठेवलं होतं, त्यामुळं अंथरुणातही लव गेली. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर नखांचे ओरखडे सुजून लाल झाले होते, ताप भरला होता, झोपेचं नाव नव्हतं.

त्या सकाळी मनकर्णाबाई स्वतःच पाटलांच्या दारात गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "भैयाजीच्या अंगावर हाय ते म्या देल्लं हाय. उतारा माह्यापाशी हाय. यायचं तं माह्या वाडीत या. आन गावाले घेऊन या."

मग ती कमळेच्या घरी गेली. कमळेनं दार लावून घेतलं. मनकर्णाबाई दाराबाहेरून म्हणाली, "कमळे, आज ये. एकडाव ये, मंग आयुष्यात माह्यं तोंड पाहू नोको."

गाव जमलं. पाटील काठी घेऊन आले होते. भैयाजी दोघांच्या आधारानं आला, अंगावर नुसता पंचा. उपटलेल्या वाडीत, उघड्या मातीवर तिनं त्याला बसवलं. आजवर त्याला ती 'तुमी' म्हणायची.

"पोरीले काय पाजलं तू?"

"आधी उतारा दे," तो कण्हला.

"कुहिलीची खाज तं वरवरची असते," ती म्हणाली. "पन म्या त्याच्यात एक मुळी घोटली हाय. ते सातव्या दिशी आत उतरते. रक्तात गेली मंग माह्याकडं उतारा नाई. आज तिसरा दिवस हाय. पाय, तुले किती थांबायचं ते."

अशी कुठलीही मुळी नव्हती. दुखणाईताशी तीस वर्षांत ती पहिल्यांदा खोटं बोलत होती. आवाज जरासुद्धा हलला नाही, असं तिनं मला सांगितलं, आणि सांगताना तिला त्याचं थोडं कौतुकच वाटत होतं.

पाटलांनी काठी उगारली. "मी पोलिसात देतो तुले!"

"द्या. पोरीचीबी गोष्ट तिथीच सांगू."

भैयाजीनं मामाचा हात धरला. तो रडत होता. "मामा, थांबा." मग मातीकडं पाहून बोलला, "अफूचं औषध होतं. लेकराला तीन थेंब द्यायचे असतात. बूच एकदम निघालं. किती पडले ते कळलं नाही. फेकून द्यायला पाहिजे होतं. मी पाणी घालून तसंच दिलं."

"मोठ्यानं बोल. कमळेले आयकू नाई आलं."

कमळा कुंपणाजवळ उभी होती. भैयाजीनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग मनकर्णाबाईनं विचारलं, "आन माह्यं कुड्याचं पानी?"

"त्यानं काही झालं नव्हतं. पोर बरी होत होती."

ज्यांनी झाडं उपटली होती ते खाली पाहत होते. मनकर्णाबाईनं एकेकाच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. मग इसरूला म्हणाली, "आना."

इसरूनं शेणाची पाटी नि राख आणली.

"हेच?" भैयाजी म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच. पयल्या दिशी लावलं असतं तं पयल्याच दिशी बरा झाला असता."

तिनं त्याला हात लावला नाही. इसरूनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत शेणानं फासलं. ते वाळलं की खरवडून काढलं, पुन्हा फासलं. तो सबंध दुपार गावासमोर तसा बसला होता. संक्रांतीच्या आत मामाच्या बंडीत बसून तो गाव सोडून गेला, आणि बाटल्यांचं कपाट रिकामं झालं.

इथं हकीकत संपायला हवी होती. सत्य सगळ्यांना कळलं होतं. एकानं वेखंडाचे कंद फडक्यात बांधून तिच्या पायरीवर ठेवले, न बोलता. तिनं ते लावले. पण दुखणाईत मात्र आलं नाही. ती सांगायची, "मुळी-बिळी काई नोयती गा, म्या त्याले भेव दाखवलं." लोक माना डोलावत आणि घरी जाऊन लेकरांना बजावत, तिच्या वाडीकडं फिरकू नका. भाद्रपदात तिनं पोरगी मारली, असं लोक रागानं बोलले होते, पण मनातून पुष्कळांना ते पटलं नव्हतं. आता तिनं कोणाला मारलं नाही हे सगळ्यांना पटलं होतं, आणि मनात आणलं तर ती मारू शकते हेही पटलं होतं.

होळीच्या सुमारास एक दिवस कमळा आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मनकर्णाबाईनं तिला बसायला पाट दिला. ती बसली नाही.

"काकी, ते मुळी दे मले."

"कोनती?"

"सातव्या दिशीची. तो कुठी राह्यते ते माह्या नवऱ्यानं काढलं हाय."

"कमळे, नाई व तशी मुळी. खोटं बोलली मी."

"त्याच्यासाठी खोटं बोलली का माह्यासाठी बोलून राह्यली?"

"तुही आन घेते."

कमळेनं पाट पायानं बाजूला सारला. मग म्हणाली, "त्याच्या अंगाले खाज सुटली आन थो बरा होऊन गेला. माही उकंडी तं नाई ना आली. तू माह्या पोरीसाठी नाई केलं, काकी. तुह्या नावासाठी केलं, तुह्या झाडांसाठी केलं."

मनकर्णाबाई मला म्हणाली, "बाई, मी काय बोलनार होती? खरं होतं थे. म्या म्हटलं, हो."

कमळा गेली. ती पुन्हा त्या अंगणात आली नाही.

तरी पश्चात्ताप झाला का, असं मी विचारलं, तेव्हा मनकर्णाबाईनं मान हलवली. कमळेचं वाईट वाटतं, म्हणाली. बाकी कशाचं नाही. वाडी तिनं पुन्हा उभी केली, पहिलीपेक्षा मोठी. गोंडपिपरीकडची, गडचिरोलीकडची माणसं बंड्या जुंपून तिच्याकडे येत, ज्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती ती. मोहाळटोल्याचं माणूस खोकत खोकत सावलीला चालत जाई, पण तिच्या दारी येत नसे, आणि तिलाही ते आवडायला लागलं होतं. अडुळसा उपटणाऱ्याला म्हातारपणी दमा उलटला. त्याचं खोकणं रात्रंदिवस तिच्या ओसरीवर ऐकू यायचं. इसरू म्हणायचा, "काढा नेऊन देऊ काय?" ती म्हणायची, "मागू दे." त्यानं मागितला नाही आणि तिनं दिला नाही.

एकोणसाठ साली गुणवंतराव पाटील तिच्या अंगणात आले. काठी टेकत, एकटे. उभ्यानंच म्हणाले, "भैयाजी वारला. तिकडंच. तापानं."

"कितीक दिवस पडून होता?"

"चार." पाटील थांबले. त्यांना आणखी काही विचारायचं होतं. चार वर्षांनी का होईना, ती मुळी आत उतरली का, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. आणि त्या मंडपात, त्या वाडीत आपणही त्याच्या शेजारीच उभे होतो, आपल्यालाही ती लागली नसेल ना, हेही त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"मले समजलं त्याले काय इचारायचं होतं थे," मनकर्णाबाई मला म्हणाली. "नाई म्हनता आलं असतं. तापानं कोनीबी मरते."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काई नाई. पाटलाच्या हाताकडं पायलं. थो मनगट खाजवून राह्यला होता. मंग मी आत गेली आन भात उतरवला."